रान राखणाऱ्यांच्या हाती निर्णय हवा

पश्चिम घाटासाठी नेमलेल्या डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय कार्यगटाने २०१३ साली अहवाल दिला, तेव्हा त्याने घाटाच्या प्रदेशाचे दोन भाग पाडले. वस्त्या, शेते आणि बागायती असलेला सुमारे ६० टक्के भाग 'सांस्कृतिक भूप्रदेश' ठरला, उरलेला 'नैसर्गिक'. या नैसर्गिक भागातून निवडलेल्या, एकूण प्रदेशाच्या ३७ टक्के क्षेत्राला पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून संरक्षण द्यावे, अशी शिफारस झाली. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून रेषा आखायची तर हे वर्गीकरण सोयीचे होते, यात शंका नाही. परंतु जिथे माणसांची संस्कृती आहे तिथले निसर्गाचे महत्त्व कमी झाले आहे आणि जिथे निसर्ग आहे तिथे माणसांच्या संस्कृतीचा काही संबंध नाही, असे गृहीत धरल्याखेरीज ही रेषा आखताच येत नाही. सह्याद्रीच्या बाबतीत हे गृहीतक मुळातच चुकीचे आहे, आणि गेल्या दशकभरातील आपल्या बऱ्याच निष्फळ वादांचे मूळ त्यात आहे असे मला वाटते.

त्याआधी, २०११ साली, डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याच्या तीन श्रेणी सुचवल्या होत्या आणि कोणत्या श्रेणीत काय चालावे, काय चालू नये, यावर ग्रामसभांनी विचार करून अंतिम स्वरूप द्यावे असा आग्रह धरला होता. त्या अहवालाची चर्चा 'कडक की सौम्य' एवढ्याच मुद्द्यावर झाली. निर्णयाचा अधिकार गावाकडे सोपवण्याचा त्यातला भाग चर्चेबाहेरच राहिला. २०१४ ते २०२४ या काळात केंद्राने घाटातील संवेदनशील क्षेत्राची सहा वेळा मसुदा अधिसूचना काढली. महाराष्ट्रातील सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात येते. प्रत्येक वेळी हरकती मागवल्या गेल्या, आणि गावे यादीतून वगळा किंवा यादीत घाला, या मागण्यांपलीकडे वाद सरकला नाही. गाव यादीत गेले तर तिथे नेमके काय करायचे हे ठरवण्यात गावाचा वाटा किती, हा प्रश्न मसुद्याने विचारलाच नाही, त्यामुळे हरकतींतही तो क्वचितच आला.

माझे म्हणणे असे आहे की संस्कृतीचा निसर्गाशी आणि विकासाशी जो खरा संबंध आहे तो सण, पोशाख, नाच आणि खाद्यपदार्थ यांच्यातून येत नाही. तो एखाद्या समूहाने आपल्या भोवतीच्या रानाविषयी, पाण्याविषयी, गवताविषयी एकत्र बसून नियम ठरवण्याच्या आणि ते पाळण्याच्या सवयीतून येतो. ही सवय टिकली तर रान टिकते, आणि रानावर उभी राहणारी उपजीविकाही टिकते. ही सवय मोडून केवळ तिचे देखणे रूप जपले, तर रानही जाते आणि थोड्याच काळात ते रूपही पोकळ होते.

कोकणातील देवरहाटीचे, म्हणजे तिथल्या देवराईचे, उदाहरण घेऊ. देवराई म्हटले की देवाच्या भीतीने राखलेले जंगल असे चित्र आपल्यासमोर येते आणि श्रद्धा कमी झाली म्हणून देवराया कमी झाल्या असा निष्कर्ष आपण सहज काढतो. प्रत्यक्ष व्यवहार त्याहून बराच गुंतागुंतीचा होता, आणि काही गावांत आजही आहे. देवरहाटीतील फांदी तोडायची नाही, वाळके लाकूडसुद्धा घरी न्यायचे नाही, हा सर्वसाधारण नियम. देवळाच्या दुरुस्तीसाठी किंवा गावाच्या काही गरजेसाठी झाड लागलेच तर कौल लावायचा. गुरव पाषाणावर फुलांच्या पाकळ्या किंवा भिजवलेले तांदूळ चिकटवतो, मानकरी आणि गावकरी समोर उभे राहून गाऱ्हाणे घालतात, आणि पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची यावर देवाची मर्जी ठरते. पाकळी कुठली पडते हा योगायोग आहे असे कोणी म्हणेल, आणि त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. पण त्या पाकळीच्या आधी काय घडले ते पाहावे. झाड हवे असणाऱ्याला आपले कारण सगळ्या गावासमोर मोठ्याने सांगावे लागले. ऐकणाऱ्यांना ते पटले की नाही हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसले. नकार मिळू शकतो हे धरूनच तो तिथे उभा राहिला, आणि कौल डावा आला तर पुढच्या खेपेपर्यंत थांबण्यावाचून त्याला पर्याय नव्हता. रात्रीतून गुपचूप झाड पाडणे या व्यवस्थेत जवळजवळ अशक्य होते. आज पर्यावरणीय मंजुरीसाठी कायद्याने जी जनसुनावणी घ्यावी लागते, तिच्याकडून आपण नेमकी हीच अपेक्षा करतो आणि ती बहुधा पूर्ण होत नाही.

या शिस्तीतून जे राखले गेले त्याचे शास्त्रीय मोल डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांच्या नोंदी करून दाखवून दिले. ज्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनक्षेत्र अगदी अल्प आहे, तिथे जुनी, ढोलीची झाडे पाहायची तर देवरहाटीतच जावे लागते. धनेश पक्ष्याच्या मादीला अंडी घालण्यासाठी मोठ्या झाडाची ढोली लागते. ती आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि चोच जाईल एवढ्या फटीतून नर तिला फळे भरवतो. पंचवीस-तीस वर्षे वयाच्या झाडात अशी ढोली सहसा तयारच होत नाही. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे येथील कानळाची राई तर रानजायफळाच्या कुळातील झाडांची दलदल आहे. या झाडांची मुळे चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात आणि अशा दलदली देशात मोजक्याच उरल्या आहेत. गावाने देवाची म्हणून ती राखली, त्यानंतर कितीतरी वर्षांनी शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर.

मग देवरहाट्या का गेल्या? श्रद्धा आटली हे उत्तर पुरे पडत नाही, कारण कोकणातील देवळांवर आज जेवढा पैसा आणि जेवढी निष्ठा खर्च होते तेवढी पूर्वी क्वचितच झाली असेल. पहिले कारण कागदाचे आहे. महसुली नोंदी होत गेल्या तेव्हा अनेक देवरहाट्यांच्या सातबाऱ्यावर सरकारचे नाव लागले. राखण गावाची, मालकी सरकारची आणि हिशेब कोणाचाच नाही, अशी स्थिती झाली. दुसरे कारण जीर्णोद्धाराचे. देव पूर्वी झाडाखाली उघड्यावर किंवा कौलारू छपराखाली होता, आणि भोवतीचे रान हाच त्याचा परिसर होता. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी गावाच्या ओढीने, मनापासून वर्गणी काढली आणि देवाला स्लॅबचे देऊळ बांधले. देवळापर्यंत गाडी जावी म्हणून रस्ता आला, रस्त्याच्या टोकाला वाहनतळ आला. गाव 'क' वर्ग तीर्थक्षेत्र झाले की सभामंडप, संरक्षक भिंत, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिवे यांसाठी निधी मिळू लागला. त्या निधीच्या कामांत राईतल्या झऱ्याची किंवा जुन्या झाडांची देखभाल सहसा बसत नाही. कोणाचाही हेतू वाईट नसताना देव मोठा होत गेला आणि रान लहान होत गेले. इथे विकासाने संस्कृतीला पैसा दिला, पण त्या पैशाच्या अटी अशा होत्या की संस्कृतीने ज्याची राखण केली तेच अटीबाहेर राहिले.

सड्यांची कथा याहून वेगळी, पण कारण तेच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारे, उन्हाळ्यात काळेठिक्कर आणि उघडेबोडके दिसतात. कागदावर त्यांची नोंद पडीक किंवा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, अशी असते. पावसाळ्यात त्याच कातळावर बोटभर खोलीची डबकी साचतात, त्यांच्या काठाने सीतेची आसवं निळी होऊन उगवतात. ती कीटकभक्षी असतात, कारण कातळावरच्या चिमूटभर मातीत नत्र फारच कमी असते आणि ते मिळवण्यासाठी या वनस्पतीला पाण्यातले सूक्ष्म जीव आपल्या इवल्याशा पिशव्यांत ओढून घ्यावे लागतात. सड्यावरचे पाणी जांभ्यातून झिरपते आणि खालच्या वाड्यांच्या विहिरींना, ओढ्यांना पुढे कित्येक महिने पुरते. सड्यावरचे गवत हे गुरांचे वैरण आणि घरांचे शाकार होते. मातीचे जे तुकडे असत त्यात नाचणी-वरी होत असे. सडा कोणाच्या वापराचा नव्हता असे कधीच नव्हते.

याच सड्यांवर प्राचीन माणसाने खोदलेली कातळशिल्पे आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी २०१२ पासून गावोगाव चालत त्यांचा शोध घेतला. या शोधाची वाट गुराख्यांनी आणि शेतकऱ्यांनी दाखवली, कारण त्यांना ती चित्रे पिढ्यानपिढ्या माहीत होती. काही ठिकाणी त्यांच्याशी गावाच्या चालीरीतीही जोडलेल्या आहेत. कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती खोदलेला आहे आणि त्याच्या देहाच्या आत अनेक प्राणी, पक्षी, मासे कोरलेले आहेत. २०२२ साली कोकणातील अशी नऊ ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, त्यात राजापूर तालुक्यातला बारसूचा सडाही आहे. त्याच बारसू-सोलगाव परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा गावकरी सड्यावर येऊन बसले आणि पोलीस बंदोबस्तात ते काम झाले. प्रकल्प चांगला की वाईट, यावर मते वेगळी असू शकतात. राजापूरच्या तरुणाला काम हवे आहे ही गोष्ट प्रकल्पाच्या विरोधकांनीही तितक्याच गांभीर्याने घेतली पाहिजे. पण ज्या जमिनीवर वैरण आहे, विहिरींचे पाणी आहे, जगात दुर्मीळ अशी वनस्पतीसृष्टी आहे आणि हजारो वर्षांपूर्वीचा वारसा आहे, ती जमीन शासनाच्या दप्तरी 'पडीक' आहे, म्हणजे चर्चा सुरू होण्याआधीच तिची किंमत शून्य धरली गेली आहे. शून्यापासून सुरू झालेल्या वाटाघाटीत गावाने काहीही मागितले तरी ते अडवणूक वाटते.

हा केवळ तलाठ्याच्या नोंदीचा दोष मानता येणार नाही. प्रादेशिक विकास मोजण्याची आपली सगळी पद्धतच अशी आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली महाराष्ट्राचा अनुशेष काढला तो रस्ते, सिंचन, वीजपुरवठा, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा कोण किती मागे आहे हे मोजून. अनुशेषाचा आकडा आला ३,१८६ कोटी रुपयांचा. त्या काळी ते आवश्यक काम होते, आणि विदर्भ-मराठवाड्याला आपली बाजू आकड्यांत मांडता आली ती त्यामुळेच. मात्र या मापाने जो प्रदेश मागास ठरतो त्याच्याकडे आधीपासून काय आहे, हे कुठेच नोंदले जात नाही. गडचिरोलीला सिंचन कमी आहे हे दिसते, तिथले जंगल आणि ते राखणारी माणसे हे त्या तक्त्यात दिसत नाहीत. उणीव तेवढी मोजायची आणि ठेवा मोजायचाच नाही, असे झाले की उणीव भरून काढण्यासाठी ठेवा खर्च करणे हाच विकास वाटू लागतो.

गडचिरोली जिल्ह्यात मात्र याच्या उलटचा मार्गही घडून आला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गोंडांचे छोटे गाव. १९८० च्या दशकात मोठ्या धरणांविरुद्धच्या लढ्यातून तिथे आपली रीत, आपले रान यांविषयी विचार सुरू झाला आणि गावाने बंद पडलेले घोटुल पुन्हा बांधायचे ठरवले. घोटुल म्हणजे तरुण मुलामुलींनी एकत्र येण्याचे, गाण्या-नाचण्याचे आणि गावाच्या रीती शिकण्याचे ठिकाण. त्यासाठी जंगलातले सागवान आणले, तेव्हा वनखात्याने ते बेकायदा ठरवून लाकूड जप्त केले. गावाने माघार घेतली नाही, घोटुल पुन्हा उभे केले. एका सांस्कृतिक इमारतीच्या लाकडावरून गावासमोर एक मूलभूत प्रश्न आला, तो असा की हे जंगल कोणाचे आणि त्याचे नियम कोणी करायचे. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी त्या प्रश्नाचा अभ्यास गट नेमून, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त घालून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या कामातून आली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. बांबू कुठला तोडायचा, कोवळा किती ठेवायचा, मजुरी किती द्यायची हे तेव्हापासून गाव ठरवू लागले. आज जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत, आणि अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात.

घोटुल, जंगल आणि गावाचे उत्पन्न यांतले एक काढून दुसरे जपता आले नसते, हे इथे स्पष्ट दिसते. वनखात्याने घोटुल निव्वळ लोककला म्हणून मान्य केले असते, एखाद्या महोत्सवात त्याची प्रतिकृती उभारली असती, तर ना जंगलाचा हक्क मिळाला असता ना बांबूचा पैसा.

त्याच जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर आहे. तिथे दर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि आसपासच्या माडिया गोंडांचे ते श्रद्धास्थान आहे. त्या डोंगरातून लोहखनिज काढले जाते आणि २०२३ मध्ये खाणीची क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यास मंजुरी मिळाली. त्यासाठीची जनसुनावणी खाणीच्या परिसरात न होता जिल्ह्याच्या ठिकाणी, गडचिरोलीत झाली. यात्रा भरवायला मनाई नाही, हे मान्य. परंतु डोंगराचे काय व्हावे याविषयी ज्यांचा तो देव आहे त्यांच्या शब्दाला निर्णायक वजन नसेल, तर यात्रेची मुभा ही संस्कृतीची कदर आहे असे मला म्हणवत नाही.

साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावरून आणखी एक धडा मिळतो. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात कास होते. गर्दी लोटली, आणि फुले वाचवण्यासाठी पठाराला तारेचे कुंपण घालून गुरे बंद केली गेली. कालांतराने गवत उंच वाढू लागले आणि काही ठिकाणी छोट्या फुलझाडांना ते मारक ठरते असे स्थानिक आणि अभ्यासक सांगू लागले. चराई हा पठाराच्या घडणीचाच भाग होता. पुढे कुंपण काढण्यात आले. दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आणि आसपासच्या गावांच्या समित्यांकडे व्यवस्थापन, ही तिथली व्यवस्था अपुरी असली तरी योग्य दिशेची आहे.

गावाकडे निर्णय द्या असे म्हणताना एका आक्षेपाला टाळून पुढे जाता येत नाही, आणि तो आक्षेप खरा आहे. कौल लावताना मानकरी ठरलेले असतात. ते विशिष्ट घराण्यांचे असतात. स्त्रिया त्या वर्तुळात नसतात, आणि दलित वस्तीला गाऱ्हाण्यात आवाज नसतो. ज्या परंपरेने रान राखले तिनेच माणसांना दूर ठेवले, ही गोष्ट झाकून परंपरेचा गौरव करणे मला मान्य नाही. सरपणासाठी मैलभर चालणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय केलेला राखणीचा नियम अन्यायाचा असतो आणि तो फार काळ पाळलाही जात नाही. म्हणूनच जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणण्याची मागणी मी करीत नाही. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनी ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी निम्मे सदस्य आणि हजर सदस्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया अशी अट घातली आहे. कौलातील उघडेपणा आणि संयम या अटीच्या चौकटीत आणता आला, तर ती खरी नवी परंपरा होईल. अर्थात कागदावरची उपस्थिती आणि प्रत्यक्ष बोलण्याची हिंमत यांत अंतर असते, आणि ते अंतर कमी करणे हे कार्यकर्त्यांचे, शिक्षकांचे, बचत गटांचे अनेक वर्षांचे काम आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. कोकणातील बहुतांश रान खासगी मालकीचे आहे, आणि मुलीच्या लग्नासाठी किंवा घराच्या दुरुस्तीसाठी डोंगर उतारावरची झाडे ठेकेदाराला उक्ती विकणाऱ्या शेतकऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांची राखण सुरू झाली तेव्हा हाच प्रश्न होता. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होऊ लागली, आणि राखणीचे मोल घराघरांत पैशाच्या रूपाने दिसू लागले. सगळ्या गावांना पर्यटन पुरणार नाही आणि पुरूही नये. पण झाडे उभी ठेवणाऱ्याला, झरा राखणाऱ्याला काही उत्पन्न मिळाले पाहिजे हे तत्त्व तिथून घेण्यासारखे आहे.

हे प्रत्यक्षात यायचे तर काही गोष्टी तातडीने करता येतील. देवरहाट्या आणि सडे यांच्या महसुली नोंदी ग्रामसभेसमोर वाचून दाखवाव्यात आणि 'पडीक' या शेऱ्याच्या जागी चराई, पाणलोट, वारसा असे प्रत्यक्ष वापर नोंदवावेत. पश्चिम घाटाचा मसुदा अंतिम करण्यापूर्वी प्रत्येक गावाला त्याचा नकाशा मराठीत, गट क्रमांकांसह मिळावा आणि गावाने सुचवलेले नियम त्यात जोडण्याची तरतूद असावी. तीर्थक्षेत्राच्या निधीत राईची आणि पाण्याची देखभाल हे स्वतंत्र काम म्हणून मान्य करावे. खासगी रान ठराविक वर्षे न तोडण्याचा करार करणाऱ्या शेतकऱ्याला वार्षिक मोबदला द्यावा. आणि जिल्हा नियोजन समितीने वार्षिक योजना करताना ग्रामसभांचे वन व्यवस्थापन आराखडे बैठकीत मांडून त्यांवर तरतूद करावी. हेवाळे-बांबर्ड्याच्या २.५९ हेक्टर राईला पाणी येते ते तिच्या हद्दीबाहेरून. ज्या दोडामार्ग तालुक्यात उताराच्या उतार रबराच्या लागवडीखाली गेले, तिथे भोवतालच्या जमिनीविषयी गावाशी कोणताही करार नसेल, तर त्या राईला दिलेला वारसा दर्जा तिच्या पाण्याची हमी देऊ शकत नाही.